परिचारिकेचें शील आणि शिस्त

नागपूर शहराच्या पूर्व भागांत लकडगंज नांवाची वस्ती आहे. नांवावरूनच तिचा व्यवसाय कळून येतो. सागवानाचे ओंडके, चिरलेल्या फळ्यांच्या थप्प्या, करवतीचा आवाज आणि हवेंत तरंगणारा भुसा यांनीं ही पेठ पिढ्यान् पिढ्या ओळखली गेली आहे. शेजारीं इतवारीचा जुना बाजार, पलीकडे गांधीबाग, आणि भोंवतीं मराठी, हिंदी, छत्तीसगढी, गुजराती व कच्छी बोलणारीं कुटुंबें. लांकूड चिरणाऱ्या माणसाला करवतीचें भय असतें आणि घरांतल्या सुनेला बाळंतपण चुकत नाहीं. असा प्रसंग ओढवून इस्पितळाच्या दारांत पाऊल पडलें, म्हणजे या माणसांना पहिली जी व्यक्ति भेटते ती बहुधा डॉक्टर नसते. ती परिचारिका असते.

तिला काय म्हणून हांक मारावी, येथपासूनच प्रश्नाला आरंभ होतो. कोणी ‘सिस्टर’ म्हणतो, कोणी ‘नर्सबाई’, कोणी ‘ताई’. आणि घाबरलेला नातेवाईक नुसतेंच ‘अहो’ म्हणून मोकळा होतो. यांतील ‘सिस्टर’ हा शब्द ख्रिस्ती मठांतून आला, ‘बाई’ हा शाळेंतून व वाड्यांतून आला, आणि ‘ताई’ हा घरांतून आला. एकाच कामाला तीन ठिकाणचीं नांवें उसनीं घ्यावीं लागलीं, याचा अर्थ समाजाजवळ त्या कामासाठीं स्वतःचें असें मानाचें नांव पुष्कळ काळ नव्हतें. तो मान परिचारिकेनें कसा मिळविला, त्यासाठीं आपल्या वर्तनाला कोणतीं बंधनें घालून घेतलीं, आणि त्यांतील कोणतीं बंधनें पुढें टाकून द्यावीं लागलीं, याचा इतिहास नागपूरसारख्या एका शहरांतहि स्पष्ट दिसतो.

शुश्रूषेच्या गुणांची चर्चा या देशांत नवी नाहीं. चरकसंहितेच्या सूत्रस्थानांत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषधद्रव्य, परिचर आणि रोगी. प्रत्येकाच्या ठायीं चार चार गुण असावे आणि अशा सोळा गुणांनीं चिकित्सा पूर्ण व्हावी, असा त्या ग्रंथाचा सिद्धांत आहे. परिचराचे चार गुण म्हणजे उपचाराचें ज्ञान, दक्षता, स्वामीविषयीं अनुराग आणि शुचिता. विशेष हें कीं, यांपैकीं दक्षता आणि शुचिता हे दोन गुण वैद्याच्या यादींतहि जसेच्या तसे आले आहेत. निम्म्या गुणांत तरी ग्रंथकारानें दोघांना एकाच मापानें मोजलें. सुश्रुतानें मात्र यादी वेगळी केली. परिचर स्नेहाळ, किळस न करणारा, बळकट, रोग्याच्या रक्षणाविषयीं तत्पर, न थकणारा आणि वैद्याच्या शब्दाप्रमाणें वागणारा असावा, असें त्याचें म्हणणें. एका यादींत ज्ञानाला पहिलें स्थान आहे, तर दुसरींत आज्ञापालन स्पष्टपणें सांगितलें आहे. शुश्रूषा करणाराानें आधीं जाणावें कीं आधीं ऐकावें, हा प्रश्न या दोन याद्यांच्या मधल्या जागेंत उभा आहे; आणि विसाव्या शतकांत तोच प्रश्न साऱ्या जगापुढें नव्यानें आला.

ग्रंथांत परिचराला चिकित्सेचा एक पाद म्हटलें, तरी व्यवहारांत त्याची किंमत वेगळीच राहिली. घरांतील आजाऱ्याची सेवा आई, सून किंवा विधवा बहीण करी, आणि ती कर्तव्य म्हणून गणली जाई. तिला विद्या म्हणून कोणी ओळखीत नसे. पैसे घेऊन परक्याची सेवा करणें, रक्त, मळ, पू यांना हात लावणें, हें तर विटाळाचें काम. बाळंतपण करणारी सुईण प्रत्येक घराला लागे. परंतु तिचा हात ज्या घरानें आनंदानें स्वीकारला, तें घर तिच्या हातचें पाणी पीत नसे. काम जितकें आवश्यक तितकी करणारी हलकी, असा हा उलटा हिशेब होता.

हा हिशेब केवळ हिंदुस्थानांतलाच होता असेंहि नाहीं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडांतील इस्पितळांत मोलानें काम करणाऱ्या सेविकांची कीर्ति फारशी चांगली नव्हती. चार्लस् डिकन्सनें १८४३-४४ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरींत सेरी गँप नांवाची दारूबाज सेविका रंगविली आणि तें नांव या धंद्याला कित्येक वर्षें चिकटून राहिलें. अशा काळांत १८५४ सालीं फ्लॉरेन्स नाइटिंगेल क्रिमियाच्या युद्धांतील जखमी शिपायांची व्यवस्था पाहण्यासाठीं स्कुटारी येथें गेली, आणि १८६० सालीं लंडनच्या सेंट टॉमस रुग्णालयांत तिच्या नांवानें परिचारिकांची शाळा निघाली. सुखवस्तु घरांतील मुलींनाहि या कामांत पाठवितां यावें म्हणून त्या शाळेनें विद्येइतकाच भर शीलावर दिला. विद्यार्थिनी कोठें राहते, कोणाबरोबर बाहेर जाते, केव्हां परतते, यावर बारीक लक्ष असे. परिचारिकेच्या शिस्तीचा कडकपणा येथून आला. लोकांच्या संशयाला तें एक उत्तर होतें.

परंतु याच बाईनें १८५९ सालीं शुश्रूषेवर जें छोटें पुस्तक लिहिलें, त्यांतील शिष्टाचार नुसत्या देखाव्याचा नाहीं. रोग्याच्या खोलीबाहेर किंवा खोलींत कुजबुजत बोलूं नये, कारण रोगी आपल्याविषयींच बोलणें चाललें आहे असें समजून कान टवकारतो व थकून जातो. त्याच्याशीं बोलतांना त्याला दिसेल असें समोर बसावें, पाठीमागून किंवा दारांतून बोलून त्याला मान वळवावयास लावूं नये. सळसळणारे कपडे घालूं नयेत. तो बरा होणारच असा पोकळ दिलासा देत सुटूं नये. आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे, आपण हजर असतांना जी काळजी घेतली जाते तीच आपण नसतांनाहि घेतली जाईल अशी व्यवस्था लावून मगच खोली सोडावी. आज पाळी बदलतांना एक परिचारिका दुसरीला प्रत्येक रोग्याची हकीकत सांगते, कोणाला कोणतें औषध दिलें, कोणाचा ताप चढला, कोणाची जखम पाहावयाची आहे, हें लिहून व बोलून देते. त्या रिवाजाचें बीज याच विचारांत आहे.

हिंदुस्थानांत पद्धतशीर शिक्षणाचा आरंभ मद्रासच्या सरकारी रुग्णालयांत १८७१ सालीं झाला. १८८५ सालीं लेडी डफरीन यांच्या पुढाकारानें स्त्रियांना स्त्रियांकडून वैद्यकीय मदत मिळावी यासाठीं निधि उभारला गेला, आणि देशांत ठिकठिकाणीं ‘डफरीन’ नांवाचीं स्त्रियांचीं इस्पितळें निघालीं. मुंबईंत १८८६ सालीं कामा रुग्णालय सुरू झालें आणि तेथें परिचारिकांचें शिक्षण होऊं लागलें. १८९१ सालीं बाई काशीबाई गणपत यांनीं मुंबईंत हें शिक्षण घेण्यास आरंभ केला. असें शिक्षण घेणाऱ्या पहिल्या हिंदी स्त्री म्हणून त्यांचें नांव घेतलें जातें. १८९७ सालीं पुण्यांत प्लेगची सांथ आली तेव्हां सावित्रीबाई फुले यांनीं मुलगा यशवंत यांच्यासह रुग्णांची सेवा केली आणि त्याच सांथींत १० मार्च रोजीं देह ठेविला. त्यांच्याजवळ शुश्रूषेची पदविका नव्हती. पण सुश्रुतानें सांगितलेला किळस न करण्याचा गुण किती किंमत मागतो, हें त्यांनीं दाखविलें. पुढें १९०९ सालीं पुण्यांत रमाबाई रानडे यांनीं सेवासदनाचें काम उभें केलें आणि ससून रुग्णालयांत शुश्रूषा शिकण्यासाठीं मुली व विधवा पाठविण्यास आरंभ केला. परपुरुषांच्या वॉर्डांत कुलीन बायका, ही कल्पनाच त्या वेळच्या पुष्कळ घरांना असह्य होती.

याच मंथनाच्या काळांत नागपूरकडे पाहिलें पाहिजे. मध्यप्रांताची ही राजधानी. १८६२ सालीं येथें जें इस्पितळ निघालें तें पुढें मेयो या नांवानें प्रसिद्ध झालें. सीताबर्डीवर स्कॉटिश मिशनचें म्यूर स्मारक रुग्णालय होतें, तेथें डॉ. ॲग्नेस हेंडरसन यांनीं स्त्रियांवर उपचार केले. स्त्रियांसाठीं डफरीन इस्पितळहि होतें. इस्पितळें होतीं, पण तेथें जाण्यास बायका कचरत असत. आणि तेथें काम करण्यास पुढें येणाऱ्या कुलीन घरांतील स्त्रिया तर फारच थोड्या. अशा स्थितींत एका तरुण विधवेनें डफरीन इस्पितळांत शुश्रूषा व प्रसूतीचें शिक्षण घेतलें. त्या म्हणजे कमलाबाई होस्पेट, ज्यांना नागपूर पुढें कमलाताई म्हणून ओळखूं लागलें.

त्यांचा जन्म १८९६ सालचा, खानदेशांतील शिरपूरचा. माहेरचें आडनांव मोहोनी, नांव यमुना. लहानपणींच विवाह झाला आणि कोंवळ्या वयांतच वैधव्य आलें. त्या काळीं अशा मुलीपुढें दोन वाटा असत. एक माजघरांतली, दुसरी तीर्थक्षेत्रांतली. महर्षि कर्व्यांच्या संस्थेनें शिक्षणाची तिसरी वाट दाखविली होती. कमलाताईंनीं रुग्णशय्येची वाट धरली. शिक्षण पुरें झाल्यावर १९२१ सालीं, वेणूताई नेने यांना सहकारी घेऊन, त्यांनीं सीताबर्डीवर एक लहानसें प्रसूतिगृह सुरू केलें. तोच मातृसेवा संघ. मोजक्या खाटांवर निघालेल्या या संस्थेच्या शाखा पुढें विदर्भांत व मध्यप्रांतांत पसरल्या.

या नांवांतच व्यवसायाच्या शीलाचा एक विचार आहे. संस्थेला ‘इस्पितळ’ म्हटलें नाहीं, ‘अनाथाश्रम’ म्हटलें नाहीं. मातेची सेवा करणाऱ्यांचा संघ म्हटलें. जिला समाज अपशकुनी मानीत होता, जिला मंगलकार्यांत मागें बसवीत होता, त्याच विधवेच्या हातांत घरच्या नव्या जिवाचा पहिला श्वास सोंपविला गेला. यांतील क्रांति मोठी होती, पण ती भाषणांनीं झाली नाहीं. लग्नांत जी पुढें आलेली चालत नाहीं ती बाळंतपणांत उशाशीं हवी असते, हें एकदां घराला पटलें म्हणजे पुढचें आपोआप घडतें. आणि तें पटण्यासाठीं परिचारिकेजवळ एकच भांडवल होतें: तिचें काम आणि तिचें वर्तन.

त्या वर्तनाची परीक्षा इस्पितळापेक्षां घरीं अधिक होई. इस्पितळांत परिचारिकेचा अधिकार चाले. घरीं सासूचा चाले. बाळंतिणीची खोली म्हणजे घरांतील सर्वांत अंधारी खोली, झरोका बंद, आंत शेगडी आणि धुरी, अंगावर जुनेरें, कारण विटाळ झालेलें वस्त्र पुढें टाकूनच द्यावयाचें. शिकलेल्या परिचारिकेला हें सारें चुकीचें आहे हें ठाऊक असे. व्हिएन्नाच्या डॉ. झेमेल्वाइस यांनीं १८४७ सालींच दाखवून दिलें होतें कीं, तपासणाऱ्याचे हात औषधी पाण्यानें धुतले तर बाळंतज्वरानें होणारे मृत्यु झपाट्यानें कमी होतात. पण ही विद्या सासूपुढें मांडावयाची कशी? ‘तुमचें सारें चुकीचें आहे’ असें म्हणणारी परिचारिका दुसऱ्या दिवशीं त्या घरांत बोलावली जात नसे, आणि न बोलणारीच्या डोळ्यांदेखत बाळंतीण तापानें फणफणे. म्हणून शहाणी परिचारिका भांडत नसे. ती आधीं स्वतःचीं नखें कापी, हातांतलें काढून ठेवी, कोपरापर्यंत हात धुई, उकळलेलें पाणी मागे, धुतलेलें पांढरें फडकें मागे. मग सासूलाच म्हणे कीं, आपण पाणी उकळून द्यावें, म्हणजे आपल्या हातांनीं सुनेचें कल्याण होईल. अधिकार सासूकडेच राही, आणि जंतु मात्र मरत. व्यवसायाच्या शिष्टाचारांतील हा पहिला धडा पुस्तकांत सहसा सांपडत नाहीं: ज्याला दुखविल्यानें रोग्याची हानि होईल त्याला दुखवूं नये, आणि ज्याला न दुखवितां रोग्याची हानि होणार असेल तेथें दुखविण्याची तयारी ठेवावी.

सुईणीच्या बाबतींतहि हाच विवेक लागे. तिला घराबाहेर काढणें सोपें होतें, पण दुसऱ्या गल्लींत रात्रीं दोन वाजतां तीच उपयोगी पडणार होती. लेडी कर्झन यांच्या पुढाकारानें १९०३ सालीं सुइणींना शिक्षण देण्यासाठीं निधि उभारला गेला, त्यामागें हाच व्यवहार होता. परिचारिका व सुईण यांनीं एकमेकींचा उपहास केला, तर मधल्यामध्यें आई मरते. लकडगंज, इतवारी यांसारख्या दाट वस्त्यांत, जेथें एका वाड्यांत चार भाषा बोलल्या जातात, तेथें नम्रतेबरोबर आणखीहि एक गुण हवा असे. रोग्याला ज्या भाषेंत वेदना होते त्या भाषेंत दोन शब्द तरी परिचारिकेला यावे लागतात. ‘कुठें दुखतें?’ हा प्रश्न परक्या भाषेंत विचारला तर उत्तर अर्धेंच मिळतें.

वेषाचा प्रश्नहि किरकोळ नव्हता. सनातनी घरांतील विधवेला केशवपन आणि तांबडें आलवण हीं शिक्षेसारखीं भोगावीं लागत. परिचारिकेचें पांढरें स्वच्छ पातळ अंगावर आलें, म्हणजे तिच्या अंगावरील वस्त्र तिचें दुर्दैव सांगेनासें झालें आणि तिचें काम सांगूं लागलें. गणवेषाला पुढें कित्येकांनीं नांवें ठेविलीं. परंतु ज्या स्त्रियांना समाजानें आधींच एक वेष लादला होता त्यांना दुसऱ्या वेषानें सोडविलें, हेंहि विसरतां येत नाहीं.

आतां दुसरी बाजू. परिचारिकेकडून सेवा, शील, त्याग यांची अपेक्षा सारेच करीत. तिच्या पगाराची, झोंपेची व राहण्याच्या खोलीची चौकशी फार थोडे करीत. या धंद्यांतील स्त्रियांनीं आपली संघटना उभारली ती यासाठीं. १९०५ सालीं लखनौ येथें परिचारिकांच्या अधीक्षिकांची संस्था निघाली, १९०८ सालीं शिकलेल्या परिचारिकांची अखिल भारतीय संस्था निघाली, आणि १९१० पासून तिचें नियतकालिक निघूं लागलें. मद्रास प्रांतानें १९२६ सालीं आणि मुंबई प्रांतानें १९३५ सालीं परिचारिकांच्या नोंदणीचे कायदे केले. नोंदणी म्हणजे जबाबदारी, पण त्याबरोबर ओळखहि. शिकलेली कोण आणि पांढरें पातळ नेसून फिरणारी कोण, हें त्यानंतर सांगतां येऊं लागलें.

तरीहि स्थिति किती बिकट होती हें १९४६ सालच्या भोर समितीच्या अहवालानें उघड केलें. त्या वेळीं देशांत परिचारिका होत्या सुमारें ७,०००, म्हणजे सुमारें ४३,००० माणसांमागें एक. समितीनें त्यांच्या कामाच्या व राहण्याच्या हालांवरहि बोट ठेविलें. पुढच्याच वर्षीं, १९४७ सालीं, भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा झाला आणि शिक्षणाचा दर्जा देशभर सारखा करण्याचा पाया घातला गेला. नागपुरांत त्याच वर्षीं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघालें. ४३,००० माणसांमागें एक हा आंकडा शिष्टाचाराच्या चर्चेंत वरवर अप्रस्तुत वाटेल. पण एका रात्रीं पन्नास खाटा सांभाळणाऱ्या स्त्रीनें कोणाला तुटक उत्तर दिलें, तर तो तिच्या स्वभावाचा दोष कीं हिशेबाचा दोष, हें ठरविण्यापूर्वीं खाटा मोजाव्या लागतात. विनयालाहि वेळ लागतो, आणि तो वेळ कोणीतरी द्यावा लागतो.

आतां चरक व सुश्रुत यांच्या मधला तो जुना प्रश्न. १८९३ सालीं अमेरिकेंतील डेट्रॉइट येथें परिचारिकांसाठीं एक शपथ तयार करण्यांत आली. तिला नाइटिंगेलचें नांव दिलें, तरी ती तिनें लिहिलेली नव्हे. त्या शपथेंत रोग्याचें गुपित राखण्याचें, घातक औषध न देण्याचें आणि डॉक्टरला निष्ठेनें साह्य करण्याचें वचन आहे. आंतरराष्ट्रीय परिचारिका परिषद १८९९ सालीं स्थापन झाली. तिनें १९५३ सालीं आपली आचारसंहिता स्वीकारली, तेव्हां त्यांतहि डॉक्टरच्या आज्ञा बुद्धीनें व निष्ठेनें पाळण्याचें कलम होतें. ‘बुद्धीनें’ आणि ‘निष्ठेनें’ हे दोन शब्द एकत्र नांदवावे, अशी ती तडजोड. वीस वर्षांनीं, १९७३ सालीं, ही संहिता नव्यानें लिहिली गेली. डॉक्टरच्या आज्ञेचें कलम गेलें, आणि परिचारिकेची पहिली जबाबदारी ज्याला शुश्रूषेची गरज आहे त्या माणसाशीं आहे, असें ठरलें. दोन हजार वर्षांपूर्वींच्या वादांत, एका अर्थानें, चरकाची यादी वरचढ ठरली. ज्ञान आधीं आलें.

याचा अर्थ परिचारिकेनें डॉक्टरशीं वाद घालीत राहावें असा नव्हे. यांतूनच आजच्या रुग्णालयांतील कामाचे रिवाज घडले आहेत. तोंडी सांगितलेली आज्ञा ऐकणारीनें मोठ्यानें परत उच्चारावी आणि सांगणारानें होकार द्यावा. मग ती लिहून घ्यावी. औषध देण्यापूर्वीं पांच गोष्टी पडताळाव्या: माणूस तोच ना, औषध तेंच ना, मात्रा तीच ना, देण्याचा मार्ग तोच ना, वेळ तीच ना. मात्रा अधिक वाटली तर औषध हातांत धरून थांबावें आणि विचारावें. विचारतांना रोग्यादेखत विचारूं नये, कारण त्याचा डॉक्टरवरील विश्वास हाहि त्याच्या औषधाचा भाग आहे. पण रोग्याला संकोचाची किंमत भरावयास लावूं नये म्हणून विचारल्यावांचून राहूंहि नये. समाधान झालें नाहीं तर वरिष्ठांकडे जावें. आपल्या हातून चूक झाली तर ती लपवूं नये. ती तत्काळ सांगितली तर उतारा देतां येतो, लपविली तर फक्त परिणाम दिसतो. सहकारिणीची निंदा रोग्यापुढें करूं नये, पण तिच्या निष्काळजीपणावर पांघरूणहि घालूं नये. मैत्री आणि शिस्त यांमध्यें निवड करण्याची वेळ आली, तर खाटेवरच्या माणसाकडे पाहून निवड करावी.

बक्षिशीचा प्रश्न मात्र घराघरांतला आहे. मुलगा झाला म्हणजे प्रसूतिगृहांत पेढे आणि पैसे फिरतात; मुलगी झाली म्हणजे पुष्कळदां दारांतच शांतता पसरते. जी परिचारिका हसतमुखानें बक्षीस घेते, तिचा चेहरा दुसऱ्या खाटेशीं जातांना नकळत बदलतो, आणि तो बदल मुलगी कुशींत घेऊन पडलेल्या आईला दिसतो. बक्षीस न घेण्याचा नियम पैशाच्या प्रामाणिकपणासाठीं आहेच. परंतु त्याहून अधिक तो त्या दुसऱ्या आईसाठीं आहे. याच्याच पुढचें पाऊल म्हणजे गुपित राखण्याचा धर्म. १९९४ च्या कायद्यानें जन्मापूर्वीं बाळाचें लिंग शोधणें व सांगणें हा गुन्हा ठरला. तपासणीच्या खोलींत उभ्या असलेल्या परिचारिकेनें शब्दानेंच नव्हे, तर खुणेनेंहि कांहीं सुचवूं नये. एके काळीं गुपित राखणें म्हणजे घराची अब्रू राखणें, असा अर्थ होता. आतां कित्येकदां त्याचा अर्थ एका न जन्मलेल्या मुलीचा जीव राखणें, असा झाला आहे.

परिचारिकेच्या वर्तनाचे नियम शतकभर लिहिले गेले; तिच्याशीं कसें वागावें याचे नियम फार उशिरां आले. कामाच्या ठिकाणीं स्त्रियांच्या छळाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयाचे निर्देश १९९७ सालीं आले आणि कायदा २०१३ सालीं झाला. रुग्णालयांतील सेवकांवर हात टाकणें हा गुन्हा ठरविणारा महाराष्ट्राचा कायदा २०१० सालचा आहे. २०२० हें वर्ष नाइटिंगेलच्या जन्माच्या द्विशताब्दीचें. जागतिक आरोग्य संघटनेनें तें परिचारिका व सुइणींचें वर्ष म्हणून आधींच जाहीर केलें होतें, आणि तेंच वर्ष कोविडच्या महासांथीचें निघालें. लोकांनीं टाळ्या वाजविल्या, थाळ्या वाजविल्या. आणि त्याच दिवसांत देशांत कित्येक परिचारिकांना भाड्याच्या घरीं परत येण्यास मज्जाव झाला. जिचा हात हवा आणि जिचें पाणी नको, त्या सुईणीची आठवण या प्रसंगानें व्हावी, यांत नवल नाहीं.

कमलाताई होस्पेट यांना १९६१ सालीं पद्मश्री हा किताब मिळाला; १९८१ सालीं त्या निवर्तल्या. त्यांच्या संस्थेचें काम प्रसूतिगृहापुरतें राहिलें नाहीं. मतिमंद मुलांची शाळा, वृद्धांचा निवास, समाजकार्याचें महाविद्यालय, अशा दिशांनीं तें वाढलें. त्यांच्या आयुष्याकडे पाहतां एक गोष्ट लक्षांत येते. शील व शिस्त यांचे नियम त्यांनीं पाळले, पण ते नियम ज्या अपमानांतून जन्मले होते तो अपमान त्यांनीं मान्य केला नाहीं. विधवेनें मागें राहावें हा नियम मोडला, आणि हात स्वच्छ ठेवावे हा नियम पाळला. कोणता नियम रोग्यासाठीं आहे आणि कोणता केवळ लोकांच्या समाधानासाठीं आहे, हें ज्या परिचारिकेला ओळखतां येतें, तिला शिष्टाचार शिकविण्याची फारशी गरज राहत नाहीं.

लकडगंजाच्या कोपऱ्यावरून आजहि एखादी परिचारिका रात्रपाळी संपवून पहाटे घरीं परतत असेल. वखारी अजून उघडलेल्या नसतील, करवती मुक्या असतील. थोड्या वेळानें त्या सुरू होतील, आणि दिवस मावळण्यापूर्वीं कोणाचें तरी बोट कापेल, कोणाची तरी कळ सुरू होईल. त्या घरचीं माणसें घाबरून धांवत येतील, आणि त्यांना पहिली तीच, किंवा तिच्यासारखीच दुसरी, भेटेल. तिला ‘सिस्टर’ म्हणावें, ‘बाई’ म्हणावें कीं ‘ताई’, हें ज्याचें त्यानें ठरवावें. मात्र ज्या घरानें तिच्याकडून मृदु शब्दाची अपेक्षा धरली आहे, त्यानें पहिला मृदु शब्द आपण उच्चारून पाहावा.